आधी पट्ट्याची पावती
जुनी डिझेल डस्टर घ्यायला निघालेल्यांनी रंग, टायर नंतर बघावेत. आधी टायमिंग बेल्टची पावती मागावी. २०१२ साली भारतात आलेल्या या गाडीच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो कव्हरखाली झाकलेला असतो आणि बहुधा न सांगताच तुटतो. तुटला की वर आलेले पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांचं काम थेट हेड उतरवण्यावर जातं. साठवलेल्या पैशांतून गाडी घेणाऱ्याला हा फटका झेपत नाही. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते. पट्टा बदलायची वेळ झाली का, हे ठरवताना मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, आकडा मागे फिरवता येतो. पावती नसेल, तर पट्टा बदललेलाच नाही असं धरून भाव करा.