‘हलका’ मत्स्य-पास्ता आणि आपला सल्ला

गेल्या हिवाळ्यात अम्लपित्ताच्या एक जुन्या रुग्णा चिकित्सालयात आल्या. नोकरीवरून साडेसातला घरी पोहोचून तासाभरात स्वयंपाक उरकणाऱ्या गृहिणी. त्यांनी विचारले, “डॉक्टर, मुलांना क्रीम घातलेला माशांचा पास्ता आवडतो. मी आता क्रीमऐवजी साय काढलेले दूध घालते. हलका झाला, चालेल ना?” मी सवयीने उत्तरलो, “मासे आणि दूध एकत्र नको. अंगावर पांढरे डाग येतात.” त्यांनी शांतपणे विचारले, “मग काय घालू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माझ्या उत्तरात दोन दोष होते. पहिला शास्त्राचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात मत्स्य व दूध यांचा निषेध आहे. दोन्ही मधुर व अभिष्यंदी, परंतु वीर्याने परस्परविरुद्ध. म्हणून रक्तदुष्टी व स्रोतोरोध. तेथेच भद्रकाप्याने चिलिचिम वगळता अन्य मासे दुधासह खाण्यास हरकत नाही असे मत मांडले आणि आत्रेयांनी ते अमान्य केले. विरुद्धाहारजन्य व्याधींच्या दीर्घ यादीत किलास आहे, परंतु तो अनेकांपैकी एक. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्ताग्नी, तारुण्य, व्यायाम व बल असता विरोध निष्फळ होतो, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे. या संयोगाने पांढरे डाग पडतात याला आधुनिक त्वचाविज्ञानात पुरावा नाही. असे असता डागांची भीती घालणे शास्त्राला व आपल्या विश्वासार्हतेला, दोहोंनाही बाधक आहे. या रुग्णेस खरे कारण सांगावयास हवे होते: अग्नी मंद, भोजन रात्रीचे, म्हणून वरील अपवाद तिला लागू नाहीत. साय काढल्याने स्निग्धांश घटतो, विरोध घटत नाही. दही घालावे, तर रात्री दही वर्ज्यच.

दुसरा दोष व्यवहाराचा. निषेध सांगितला, पर्याय दिला नाही. वास्तविक पर्याय या पदार्थाच्या मायदेशीच आहे. नेपल्समध्ये आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचा स्पॅगेटी लसूण, ऑलिव्ह तेल व पार्सली यांवरच होतो. त्यात क्रीम नसते. मासळीच्या पास्त्यावर चीज न घालण्याचा इटलीत सर्वसाधारण प्रघात आहे. दाटपणा येतो तो पास्ता शिजवलेल्या पाण्यातील पिष्टामुळे.

ही कृती मी घरी करून पाहिली. दोघांसाठी १५० ग्रॅम रव्याचा पास्ता मिठाच्या पाण्यात शिजत ठेवावा. हळद-मीठ लावलेले सुरमईचे २०० ग्रॅम काटेविरहित तुकडे दोन चमचे तेलात परतून बाजूला काढावेत. त्याच तेलात चार लसूणपाकळ्या व मिरपूड घालावी. पास्ता किंचित कच्चा असतानाच निथळून कढईत घ्यावा, त्याचे वाटीभर पाणी थोडेथोडे घालीत मोठ्या आचेवर हलवावा. पाणी व तेल एकजीव होऊन रस्सा दाट व चकचकीत होतो. मग मासे घालावेत. गॅस बंद केल्यावर लिंबू व कोथिंबीर. अधिक मऊपणा हवा असल्यास अर्धी वाटी नारळाचे पातळ दूध मंद आचेवर घालावे. जोराने उकळल्यास ते फुटते. नारळही गुरू व शीत आहे, हा आक्षेप खरा. परंतु मत्स्यासह त्याचा निषेध चरकाने केलेला नाही आणि कोकणात हा संयोग पिढ्यान्‌पिढ्या सात्म्य आहे. मात्रा मात्र अल्पच असावी.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. अविपत्तिकर चूर्णाची डबी दर महिन्यास नेणाऱ्या ग्राहकास “रात्री काय जेवता, किती वाजता?” एवढे विचारावे आणि वैद्याकडे पाठवावे. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा.

त्या भगिनी पुढील भेटीस आल्या, तेव्हा मी त्यांना ही कृती लिहून दिली. औषधपत्रिकेवर पाककृती लिहिण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. तो फार पूर्वी यावयास हवा होता. ‘वर्ज्य’ या शब्दापुढे ‘त्याऐवजी’ लिहिण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, एवढेच नम्र निवेदन.