यादी यायला दोन सेकंद का लागतात? जँगोच्या 'फेच मोड'च्या निमित्ताने

समजा, कॉलेजच्या लायब्ररीचं एक ॲप आहे. 'नवी पुस्तकं'वर टॅप केलं की २०० पुस्तकांची यादी येते, प्रत्येक पुस्तकाखाली लेखकाचं नाव. यादी यायला दोन सेकंद लागले की आपण आधी नेटला नावं ठेवतो, मग फोनला. बरेचदा दोघांचाही दोष नसतो. पलीकडे सर्व्हरवर पायथनमधला एक साधा लूप डेटाबेसचं दार २०१ वेळा वाजवत असतो.

या दुखण्याला प्रोग्रामर मंडळी 'एन प्लस वन' म्हणतात. दुखणं जुनं आहे, बातमी इलाजाची आहे. जँगो हे पायथनमधलं लोकप्रिय वेब फ्रेमवर्क, इन्स्टाग्राम उभं राहिलं ते यावरच. त्याच्या ६.१ आवृत्तीसाठी 'फेच मोड' नावाची सोय घेण्यात आली आहे. म्हणजे आजवर प्रोग्रामरने लक्षात ठेवून करायची गोष्ट आता लायब्ररी स्वतः करू शकेल. हे चांगलंच आहे, पण यामुळे क्वेरीचे सगळे प्रश्न सुटले असं समजाल तर फसाल. का ते बघू.

आधी मुळात घडतं काय? डेटाबेसला एसक्यूएल कळतं, आपल्याला पायथन लिहायचं असतं. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ओआरएम. जँगोमध्ये तो आतच असतो. जँगोबाहेर काम करणारे बहुतेक जण एसक्यूएलअल्केमी वापरतात. दुभाष्याची गंमत अशी की तो आळशी आहे, आणि मुद्दामच तसा बनवलाय. तुम्ही पुस्तकं मागितली तर तो फक्त पुस्तकं आणतो. लेखक कोण, हे तुम्ही विचाराल तेव्हा बघू, असा हिशोब. मग लूपमध्ये तुम्ही 'पुस्तक डॉट लेखक डॉट नाव' असं लिहिता. दिसायला तो नुसता एक डॉट, पण प्रत्येक फेरीत त्या डॉटमागे एक नवी क्वेरी सुटते. पुस्तकांची १ आणि लेखकांच्या २००, एकूण २०१. डेटाबेस वेगळ्या मशीनवर असेल आणि जाऊन यायला १० मिलिसेकंद लागत असतील, तर झाले की दोन सेकंद!

मग बनवणाऱ्याच्या हे लक्षात कसं येत नाही? जँगोचा नवा प्रोजेक्ट सुरू केला की सोबत एसक्यूलाइट डेटाबेस मिळतो. हाच डेटाबेस तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही असतो. तो वेगळा सर्व्हर नसतो, प्रोग्रामच्या पोटातच चालतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत जायला नेटवर्कचा प्रवासच नाही. एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात की आमच्याकडे एका पानासाठी २०० छोट्या क्वेरी मारल्या तरी बिघडत नाही. त्यात टेस्टिंगला आपण नोंदी घालतो दहा-बारा. सगळं झकास पळतं. तोच कोड पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर गेला, खरी मुलं वापरू लागली, की चाकं रुतायला लागतात. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडचंही हेच: चालतो, म्हणून बरोबर वाटतो.

जुना इलाज दोन तऱ्हेचा आहे. एका पुस्तकाला एकच लेखक असेल तर जँगोमध्ये 'सिलेक्ट रिलेटेड' सांगायचं. मग ओआरएम दोन्ही टेबलं जोडून एकाच क्वेरीत सगळं आणतो. एका पुस्तकाचे अनेक टॅग असतील तर 'प्रीफेच रिलेटेड'. तो दुसऱ्या फेरीत सगळ्या पुस्तकांचे टॅग एकगठ्ठा आणतो आणि पायथनमध्ये ज्याचे त्याला वाटतो. २०१ च्या जागी २. एसक्यूएलअल्केमीत याच कामाला 'जॉइन्डलोड' आणि 'सिलेक्टइनलोड' आहेत. यात एक खड्डा मात्र हमखास लागतो. प्रीफेच करून झाल्यावर लूपमध्ये टॅगवर परत 'फिल्टर' लावला, की आणलेला गठ्ठा बाजूला राहतो आणि प्रत्येक पुस्तकामागे नवी क्वेरी जाते. फिल्टर प्रीफेचच्या आतच द्यावा लागतो. त्यासाठी जँगोत 'प्रीफेच' नावाचा वेगळा ऑब्जेक्ट आहे, तो वापरा.

आता नव्या सोयीकडे. फेच मोडमध्ये तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे आजचाच आळशी स्वभाव, आणि मूळ सेटिंग तेच राहणार आहे. दुसऱ्यात, तुम्ही एका पुस्तकाचा लेखक विचारला की त्याच यादीतून आलेल्या बाकीच्या पुस्तकांचे लेखकही एका झटक्यात आणले जातात. तिसरा कडक: आधी न सांगता काही मागितलं की थेट एरर. दुसरा पर्याय सगळ्यांना आवडेल. मला विचाराल तर शिकणाऱ्याने तिसरा लावून बघावा, कारण कोणत्या डॉटमागे क्वेरी लपली आहे ते तोच दाखवतो. एसक्यूएलअल्केमीत असा कडकपणा 'रेझलोड'च्या रूपात आधीपासून आहे. तिथे असिंक पद्धतीने काम करताना तर गुपचूप क्वेरी चालतच नाही, 'मिसिंग ग्रीनलेट' नावाची एरर तोंडावर येते. फास्टएपीआय शिकणारी पोरं तिला वैतागतात, पण ती एरर खरं तेच सांगत असते.

वेगाचा प्रश्न निदान जाणवतो तरी. चुकीचं उत्तर मुकाट्याने येतं, आणि त्यावर फेच मोडकडे औषध नाही. समजा एका पुस्तकावर ३ अभिप्राय आहेत आणि ते ४ वेळा इश्यू झालंय. जँगोच्या 'ॲनोटेट'मध्ये दोन्ही 'काउंट' एकत्र मागितले तर उत्तर ३ आणि ४ येत नाही, १२ आणि १२ येतं! दोन्ही टेबलं जोडली गेली की प्रत्येक अभिप्रायाची प्रत्येक इश्यूशी जोडी लागते, म्हणून हा गुणाकार. मोजणी असेल तर 'डिस्टिंक्ट' लावून भागतं. बेरीज असेल तर नाही. इश्यूच्या नोंदींवरचा दंड बेरीज करायला गेलात तर आकडा तिप्पट होतो, आणि डिस्टिंक्ट लावलं तर दोघांना सारखाच १० रुपये दंड असताना तो एकदाच धरला जातो. तिथे 'सबक्वेरी' लिहायला पर्याय नाही. जँगोच्या कागदपत्रांत हा इशारा स्पष्ट छापलेला आहे. वाचतो कोण, हा भाग वेगळा.

दुसरा भ्रम सुरक्षेचा. 'ओआरएम वापरतो, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनची भीती नाही', असं सर्रास शिकवलं जातं. साधारणपणे ते खरंही आहे. पण ५ नोव्हेंबर २०२५ला जँगोला ५.२.८, ५.१.१४ आणि ४.२.२६ या आवृत्त्या काढाव्या लागल्या, त्या नेमक्या अशाच एका भोकामुळे. वापरणाऱ्याकडून आलेली डिक्शनरी जशीच्या तशी दोन चांदण्या लावून 'फिल्टर'मध्ये ओतली, तर त्यातून 'अंडरस्कोर कनेक्टर' नावाची किल्ली सरकवून क्वेरीच बदलता येत होती. जुन्या आवृत्तीवर ॲप चालवत असाल तर आधी ते अपडेट करा. आणि यापुढेही कोणत्या फील्डवर शोधता येईल ती नावं स्वतः ठरवा, बाहेरून येऊ देऊ नका.

हे सगळं पकडायला महागडं काही लागत नाही. जँगो डीबग टूलबार फुकट आहे, पान उघडलं की किती क्वेरी झाल्या ते कडेला दिसतं. एसक्यूएलअल्केमीत इंजिन बनवताना 'एको' चालू केलं की प्रत्येक क्वेरी टर्मिनलवर छापली जाते. फोनवर पायड्रॉइडमध्ये सराव करणाऱ्यांनाही एवढं जमेल. पुढची पायरी म्हणजे टेस्टमध्ये 'असर्ट नम क्वेरीज' लावून ठेवणं: या पानाला २ क्वेरी, तिसरी गेली की टेस्ट नापास. फक्त टेस्टमध्ये नोंद एकच ठेवू नका. एका पुस्तकाला एन प्लस वन झालं तरी क्वेरी दोनच होतात, आणि टेस्ट खुशाल पास होते.