आता तुम्ही काय कराल?

गेल्या दिवाळीत आमच्या मुदखेडच्या घरी बऱ्याच वर्षांनी सगळ्या भावंडांची बिऱ्हाडे एकत्र जमली. मुदखेड हे जंक्शन. एक मार्ग नांदेडकडे जातो, दुसरा भोकर-किनवटवरून आदिलाबादेस, तिसरा निजामाबादेकडे. आमच्या घराचेही तसेच झाले आहे. ज्यास जिकडची गाडी मिळाली तो तिकडे गेला, आणि वाड्यात उरल्या त्या सासूबाई व आम्ही दोघे.

पाडव्याच्या दुपारी पुण्याहून आलेल्या पुतण्याने माजघरात सतरंजी अंथरली व मधोमध वीस पैलूंचा एक फासा ठेवला. तो पाहताच सासूबाईंच्या कपाळास आठी पडली. “ज्या फाशाने पांडवांचे राज्य गेले, तो सणासुदीचा घरात कशाला रे?” पुतण्या म्हणाला, “आजी, यात पण लावायचा नसतो, आणि एकाने जिंकून दुसऱ्याने हरायचेही नसते. ही एक गोष्ट आहे. फक्त ती सर्वांनी मिळून सांगायची.”

खेळाची रीत अगदी सोपी आहे. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक सोंग घेतात. कोणी वैद्य, कोणी शिलेदार, कोणी वाटाड्या. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो आणि विचारतो, “आता तुम्ही काय कराल?” ज्याने त्याने आपल्या सोंगास साजेल असे उत्तर द्यावयाचे. केलेला बेत साधेल की फसेल असा संशय असेल, तेथे निवाडा फाशाचा.

या खेळाचे मूळ रणांगणाशी आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकाऱ्यांना डावपेच शिकविण्यासाठी नकाशावर युद्ध खेळण्याची पद्धत होती. तिचे नियम 1824 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात प्रत्येक खेळणाऱ्याच्या हाती सैन्याऐवजी एकच माणूस आला, आणि लढाईची कथा झाली. 1980 नंतरच्या दशकात या खेळाने मुले बिघडतात अशी हाकाटी तिकडे झाली होती. ती विरली, खेळ मात्र टिकला, व 2024 मध्ये त्यास पन्नास वर्षे पुरी झाली.

आपल्याकडेही पट आणि कवड्या केवळ करमणुकीच्या नव्हत्या. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरेची समजूत आहे. त्यातील शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे. खेळता खेळता मुलास बरेवाईट कळावे, हा हेतू. परंतु तेथे वाट कवडी ठरवी. या नव्या खेळात वाट माणसाने निवडावयाची असते, हा भेद मला त्या दुपारी कळला.

कथेत एक तहानलेला तांडा होता. पाटील पाणी देण्यास तयार, परंतु तांड्यातील एक पोर ओलीस ठेवा म्हणाला. पुरुषमंडळींनी सौदा जवळजवळ मान्य केला. सूत्रधार धाकट्या जाऊबाईंकडे वळला. त्या वाटाड्या होत्या. “आता तुम्ही काय कराल?” त्यांनी सवयीने भावोजींकडे पाहिले. पुतण्या हसून म्हणाला, “काकू, इथे काका नाहीत, इथे फक्त वाटाड्या आहे.” मग त्या हळूच म्हणाल्या, “पोर ठेवायचे नाही. आधी हे विचारीन, की साऱ्या गावाने खणलेली विहीर एकट्या पाटलाची कशी झाली?”

माजघर क्षणभर स्तब्ध झाले. सासूबाई फुलवाती वळीत होत्या. त्यांचा हात थांबला. “बरोबर विचारलेस हो,” एवढेच त्या म्हणाल्या.

ओसरीवर दोन दिवस वाडा विकण्याची चर्चा चालली होती. ती करणारे चौघे भाऊ. बावीस वर्षे या घरात नांदलेल्या जाऊबाईंना, किंवा मला, कोणी काही विचारले नव्हते. आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, विचारण्याची वाट पाहणे केव्हाच सोडले होते. भाऊबिजेच्या रात्री तो विषय पुन्हा निघाला, तेव्हा सासूबाईंनी आम्हा सुनांना आत बोलावून घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही काय कराल, ते सांगा.” वाड्याचा निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु आता त्यात आमचेही मत मोजले जाते.

या खेळाचे पुढे काय होणार, असे पुष्कळ तरुण विचारतात. पुस्तके महाग आणि इंग्रजी, ही अडचण खरी आहे. तथापि 2023 च्या जानेवारीत खेळाच्या मालक-कंपनीने परवान्याच्या अटी आवळण्याचा घाट घातला, तेव्हा खेळणाऱ्यांनी एवढा गिल्ला केला की कंपनीस माघार घ्यावी लागली, व मूळ नियमांचा मोठा भाग, श्रेय नमूद करण्याच्या अटीवर, सर्वांस मोकळा झाला. उद्या कोणी ते नियम मराठीत उतरवून कथा कंधारच्या किल्ल्यात वा माहूरच्या डोंगरात घडविली, तर त्यास आडकाठी नाही. दुसरी भीती यंत्राची. आता संगणकही सूत्रधार होऊ शकतो, आणि तो कधी थकत नाही. परंतु काकूंची नजर कोणाकडे गेली, हे पाहून थांबणारा सूत्रधार घरचाच लागतो.

पुतण्या पुण्यास परतला आहे. दर रविवारी रात्री भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आमचा तांडा पुन्हा जमतो. सासूबाई आता वैद्य झाल्या आहेत. या खेळाचे भविष्य दुकानात ठरेल असे मला वाटत नाही. ज्या घरी लहानास व सुनेस “आता तुम्ही काय कराल?” असे विचारून उत्तर ऐकण्याइतका धीर असेल, त्या घरी तो टिकेल. फासा नसला, तरी चिंचोके चालतील.