ओलोनी संपले नव्हते

ओकच्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, दळायच्या. मग ते पीठ पाण्यात धूत राहायचं. कडवटपणा उतरला की त्याची दाट लापशी शिजते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठच्या ओलोनी लोकांचं हे पिढीजात अन्न.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९२५ च्या ग्रंथात हा समाज जवळपास नामशेष ठरवला. त्याच दशकात मारिया दे लोस आंखेलेस कोलोस या वृद्ध ओलोनी बाई भाषातज्ज्ञ जे. पी. हॅरिंग्टन यांना आपली चोचेन्यो भाषा सांगत होत्या! त्या टिपणांतूनच ओलोनी समाजातले व्हिन्सेंट मेदिना ती बोली शिकले. आपले ओलोनी साथीदार लुईस त्रेविन्यो यांच्यासह त्यांनी २०१८ मध्ये बर्कलीत हे पिढीजात अन्न वाढणारं ‘कॅफे ओलोनी’ उघडलं. भाषा पानात वाढून दिली की ती जिभेवर बसते, हे त्यांनी नेमकं ओळखलं.

बर्कली विद्यापीठाने २०२१ मध्ये आपल्या एका इमारतीवरून क्रोबर यांचं नाव उतरवलं. पुढच्याच वर्षी तिच्याच अंगणात, मधे बंद पडलेलं हे कॅफे पुन्हा सुरू झालं. विद्यापीठाचं हे पाऊल योग्यच. पण मुवेकमा ओलोनी जमातीचा अधिकृत मान्यतेचा अर्ज अमेरिकी सरकारने २००२ मध्ये फेटाळला. तो निर्णय बदललाच पाहिजे.