ईदच्या आठवड्यात मराठीत काय सापडतं?

ईदच्या आदल्या दिवशी गुगलवर ‘रमजान ईद निबंध मराठी’ एवढंच टाईप करून बघा. शुभेच्छांची चित्रं, स्टेटसला ठेवायच्या ओळी आणि एकमेकांचे कॉपी-पेस्ट केलेले काही लेख. मुस्लिम बांधव नवे कपडे घालतात, गळाभेट घेतात, शीरखुर्मा खातात. संपला निबंध! मी उघडलेल्या बहुतेक पानांवर फित्र्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, ही त्या दिवसाची इतकी महत्त्वाची गोष्ट, तीच गायब.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कोणत्या दिवशी अ‍ॅपवर किती लोक येतील याचा अंदाज बांधणं हा माझ्या कामाचा एक भाग. सुट्टीच्या दिवशी लोक फोन बाजूला ठेवतात असं नाही, त्यांचे विषय बदलतात. नोकरी, बँक, टॅक्स मागे पडतं. रेसिपी, सिनेमा, प्रवास, शुभेच्छा वर येतात. तिशीतल्यांना एसएमएसचे ‘ब्लॅकआउट डे’ आठवत असतील. ऐन सणाला मेसेजचं पॅक चालायचं नाही, प्रत्येक मेसेजचे पैसे कापले जायचे. लोक कधी बोलतात हे कंपन्यांना तेव्हाही चांगलं ठाऊक होतं.

गुगल ट्रेंड्सचा आलेख पाहताना मात्र एक काळजी घ्या. तिथला आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. एकूण शोधांमधला त्या विषयाचा वाटा ० ते १०० या मापावर बसवलेला असतो, आणि निवडलेल्या काळातला सर्वांत मोठा वाटा म्हणजे १००. सुट्टीमुळे एकूण शोध कमी झाले, तर ‘ईद’ शोधणारे तेवढेच राहूनही रेष वर चढते. ‘ईदचा सर्च शंभरवर’ असा स्क्रीनशॉट फिरवण्यात म्हणून फारसा अर्थ नाही.

आपल्या सणांनी यंत्राची खरी पंचाईत होते ती तारखांमुळे. नाताळ जागचा हलत नाही. दिवाळी मागेपुढे होते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे भारतात रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये थेट ३१ मार्चला, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करणारी यंत्रणा म्हणेल, एप्रिलमध्ये लोकांची शीरखुर्म्याची आवड कमी झाली! फेसबुकने २०१७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं ‘प्रॉफेट’ हे अंदाज बांधायचं साधन वर्षाचं चक्र स्वतः शिकतं, पण ते चक्र सूर्याच्या वर्षाचं. असे फिरते सण त्याला सुट्ट्यांच्या यादीतून वेगळे सांगावे लागतात. टीममध्ये कुणाला आठवलं, तर ईद यादीत येते.

महाराष्ट्रात आणखी एक गंमत. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने सुट्टी २९ तारखेला दिली. २०२४ मध्ये मुंबईत ही सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला गेली, २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरला. सण एका दिवशी, सुट्टी दुसऱ्या. अशा वेळी ‘सुट्टी नक्की कधी’ हा प्रश्न हिंदू-मुस्लिम सगळेच विचारतात, आणि तो विचारताना ईद-ए-मिलाद म्हणजे काय, हेही काहीजण वाचतात.

माझा मुद्दा इथेच आहे. एरवी ज्यांना आपल्या सणांशी देणंघेणं नसतं, ते त्या दोन-तीन दिवसांत स्वतःहून विचारतात. शेजारची काकू विचारते, शाळेतले सर विचारतात. बकरी ईदला तर जुने व्हिडिओ नव्या तारखेने फिरू लागतात, तेव्हा खरं-खोटं तपासणाराही विचारतो. आणि आपण त्या दिवशी काय करतो? नव्या कुर्त्यातला फोटो आणि ‘ईद मुबारक’. फोटोला माझी हरकत नाही, मीही टाकतो.

कुणी म्हणेल, दर वेळी आपणच का समजावून सांगायचं? तक्रार रास्त आहे. स्वतःला सिद्ध करत बसण्याची गरज कुणालाच नाही. पण तो निबंध शोधणाऱ्यांत मराठी शाळेत शिकणारी आपली मुलंही असतात. स्वतःच्या घरातल्या ईदवर त्यांनी कधी रोजा न पाहिलेल्या माणसाचं उतरवून काढायचं, हे मला खटकतं. कोकणातल्या घरातली ईद, मराठवाड्यातली ईद, कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे कुणाकुणाला जातात, हे मराठीत आपल्याशिवाय कोण लिहिणार?

लिहायचं तर ईदच्या दिवशी लिहून उपयोग नाही. नवं पान गुगलला सापडायला आणि वर यायला वेळ लागतो. महिनाभर आधी टाका. पानाच्या पत्त्यात साल घालू नका आणि दर वर्षी नवं पानही करू नका. जुन्याच पानावर मजकूर आणि तारीख बदलली की आधी मिळालेले वाचक आणि लिंका टिकतात. ईदची नक्की तारीख तेवढी चांदरातीला, चंद्र दिसल्यावर भरावी लागेल.