टोपीवरचा हत्ती



अल कुसैसला सकाळी शाळेच्या बसगाड्या येऊ लागल्या, की मुलांच्या खिशावरचे बिल्ले बघावेत. बिल्ल्यावरून शाळा ओळखता येते. आम्हां नर्सेसचेही तसेच होते. टोपीवरची पट्टी सांगायची, ही शिकाऊ की सिस्टर. पण पलटणीच्या टोपीवरचा बिल्ला नुसते नाव सांगून थांबत नाही, अख्खा इतिहास सांगतो. आज अशाच एका बिल्ल्याची गोष्ट.

आयर्लंडच्या रानात हत्ती नाहीत आणि वाघही नाहीत. तरी 'रॉयल डब्लिन फ्यूजिलिअर्स' या आयरिश पलटणीच्या बिल्ल्यावर दोघेही होते, बरं का! बिल्ला होता पेटलेल्या हातबॉम्बच्या आकाराचा. ती फ्यूजिलिअर पलटणींची जुनी खूण. बॉम्बच्या गोळ्यावर वाघ आणि त्याच्या खाली हत्ती. हे पाहुणे तिथे गेले कुठून? तर आपल्या हिंदुस्थानातून!

1661 साली पोर्तुगालने मुंबई इंग्रज राजाला आंदण दिली. ती ताब्यात घ्यायला आलेल्या गोऱ्या शिपायांपासून एक पलटण उभी राहिली. ती आधी कंपनीकडे होती, 1857 च्या बंडानंतर राणीच्या फौजेत गेली. 1881 साली तिला मद्रासच्या तशाच पलटणीशी जोडून नाव दिले डब्लिनचे. नाव बदलले, पण वाघ-हत्ती राहिले. वाघ प्लासी आणि बक्सारच्या लढायांची आठवण, हत्ती कर्नाटक आणि म्हैसूरच्या.

म्हैसूर म्हटले की आपल्याला दुसरेच नाव आठवते, नाही का? सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल. हे मुंबईच्या देशी पलटणीतले अंमलदार. म्हैसूरच्या लढायांत ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर 1796 साली त्यांनी मांडवीला सिनेगॉग बांधले. तेच 'शाआर हारहामीम', वडीलधाऱ्यांची 'जुनी मशीद'. तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

म्हणजे बघा, त्याच म्हैसूरच्या लढायांची आठवण म्हणून गोऱ्या पलटणीच्या टोपीवर हत्ती बसला. आपल्या माणसाची आठवण बिल्ल्यावर नाही, दगडी भिंतींत राहिली.

पुढे त्या हत्तीचेही दिवस फिरले. आयर्लंड वेगळे झाले आणि 1922 साली ही पलटण मोडली. तिची निशाणे विंडसरच्या किल्ल्यात राजाच्या हवाली केली. पहिल्या महायुद्धातून घरी परतलेल्या कित्येक आयरिश शिपायांनी आपले बिल्ले नि पदके पेटीच्या तळाशी ठेवली आणि तोंडही मिटले. इंग्रजांसाठी लढलेल्याचे नव्या देशात कोण कौतुक करणार? नातवंडांनी विचारले नाही, आजोबांनी सांगितले नाही. अखेर 1998 साली बेल्जियममधल्या मेसिन येथे त्यांच्या स्मरणाचा मनोरा उभा राहिला. उद्घाटनाला आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा आणि इंग्लंडची राणी दोघी होत्या. पण तोवर त्यातले बहुतेक आजोबा गेले होते.

आपल्यातही पलटणीत नोकरी केलेली घरे पुष्कळ. देश सोडताना पेट्या आल्या, त्यांत कुठे एखादा पितळी बिल्लाही आला असेल. तो सापडला तर नीट बघा. वर मुकुट असेल तर इंग्रजी अमलातला, अशोकाचे सिंह असतील तर 1950 नंतरचा. बिगूल दिसला तर मराठा लाइट इन्फंट्रीचा असू शकेल. लाइट इन्फंट्रीचे शिपाई पांगून लढत, त्यांना हुकूम बिगुलावर मिळे, म्हणून ती खूण.

मुलांनो, बिल्ला कोणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या लढाईतला, हे आजी-आजोबांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद बिल्ल्याबरोबरच ठेवा. आणि आजी-आजोबांनो, त्यांनी विचारायची वाट बघू नका. आपणहून सांगा. पितळ टिकते हो, सांगणारे माणूस टिकत नाही.