बंद करून चालू करा

जगातल्या यच्चयावत दुःखांवर एकच औषध आहे, असं आमच्या बदलापुरातल्या इंटरनेटवाल्याचं ठाम मत आहे. ‘साहेब, राउटर एकदा बंद करून चालू करा.’ पोट बिघडलं की एरंडेल पाजणारे जुने वैद्य निदान नाडी तरी बघत. हा गृहस्थ फोनवरूनच एरंडेल पाजतो, आणि पुन्हा फोन केला की डोस वाढवतो. ‘आता दहा मिनिटं बंद ठेवा.’

औषधाला माझा विरोध नाही. यंत्र कधीकधी खरंच गोंधळतं आणि झोप काढून उठलं की ताळ्यावर येतं, माणसासारखंच. माझं भांडण आहे ते रोग नेहमी गिऱ्हाइकाच्याच घरात असतो या गृहीताशी.

घरातल्या त्या पांढऱ्या डबीवर दिव्यांची ओळ असते. त्यातल्या एकापाशी एल-ओ-एस ही अक्षरं असतात. हा दिवा तांबडा झाला, की बाहेरून काचेच्या तारेतून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तार कुठेतरी तुटली, मुरगळली, नाहीतर पलीकडचं यंत्र आडवं झालं. ही तार फार वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. म्हणजे ही काही सुंभासारखी खिळ्याला गाठ मारून टांगायची वस्तू नव्हे. आमच्याकडे ती गच्चीवरच्या टाकीला प्रदक्षिणा घालून, आंब्याच्या फांदीवर टेकून, खांबावरच्या शंभर तारांच्या जटेत शिरून येते. अशा वेळी मी घरात बसून बटण दाबल्यानं काय व्हायचं? नळाला पाणी नाही म्हणून तोटी काढून पुन्हा बसवण्यातलाच प्रकार!

दोष घरचाही असतो, नाही म्हणत नाही. दिवे सगळे ठीक आहेत, संगणकाला तार थेट जोडली तर सुरळीत चालतंय, आणि फक्त आतल्या खोलीत मोबाइल कुरकुरतोय, तर खुशाल समजावं की गुन्हेगार आपली भिंत आहे. पाच गिगाहर्ट्झची लहर भिंतीपुढे लवकर हात टेकते. २.४ ची जरा दमाची, पण शेजारी मायक्रोवेव्ह सुरू झाला की तीही बावचळते. तिथं राउटर माळ्यावरून उतरवून मधल्या खोलीत ठेवला की भागतं. एवढं निदान शाळकरी पोरही करील. तांबडा दिवा मात्र इंटरनेटवाल्याचा. त्यानं तो आपला म्हणावा, एवढीच माझी मागणी.

आणि वीज! पलीकडच्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचा एक लोखंडी डबा आहे. त्या इमारतीची वीज गेली की डबा गप्प आणि आम्ही अंधारात, मग आमच्या घरात इन्व्हर्टर का असेना. एके काळी तो काळा, वजनदार टेलिफोन असे. त्याला लोक शिव्या घालत, पण दिवे गेले म्हणून तो बंद पडत नसे. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तांब्याच्या तारेनं त्याला वीज मिळे. काचेच्या तारेतून वीज जात नाही, तेव्हा दोन्ही टोकांना बॅटरी हवी. आमच्या टोकाला आम्ही पदरमोड करून ती बसवली. त्याच्या टोकाला कोण बसवणार, त्याचे सासरे?

‘एवढं काय अडलंय? सिनेमा उद्या बघा’, असं दादरकर म्हणू शकतात. मुंबईहून ६५ किलोमीटरच्या वर असलेल्या गावात माणूस हौसेनं राहायला येत नाही. परवडणारी जागा इथं मिळते, म्हणून येतो आणि उरलेले पैसे लोकलच्या दारात लोंबकळून फेडतो. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येणं ही त्याच्यासाठी चैन नाही, हाडांची विश्रांती आहे. उल्हास नदीला पूर आला की गाड्या थांबतात. २००५ च्या २६ जुलैचं सोडाच, २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेसच बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. अशा दिवशी कचेरी सांगते, ‘घरूनच करा.’ आणि आमच्याकडे रुळांच्या आधी इंटरनेट बुडतं! आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांचा पगार कापला गेला. इंटरनेटवाल्यानं त्या महिन्याचं बिल पुरतं घेतलं.

वास्तविक ट्रायच्या २००६ सालच्या नियमांतच म्हटलं होतं, की बिघाड तीन कामकाजी दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर गिऱ्हाइकाला सात दिवसांच्या आकाराची सूट द्यावी. २०२४ साली नवे नियम आले. पण सात दिवस सोडा, सात रुपये मिळाल्याचंही आमच्या सोसायटीत कुणाच्या ऐकिवात नाही. कारण सोपं आहे. दिवस मोजायचे तर तक्रार कधी केली, हे कुठंतरी लिहिलेलं हवं. आमची तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि तिकडून एक अंगठा येतो. अंगठ्याला ना तारीख, ना क्रमांक.

म्हणून परवा मी हट्टच धरला. म्हटलं, मुलगा पाठव न पाठव, आधी तक्रारीचा नंबर दे.

‘नंबर कशाला, साहेब?’ तो खरोखरच दुखावला गेला होता. ‘माझा नंबर आहे ना तुमच्याकडे!’